नाव आणि माहेर

४ एप्रिल

आज माझा हात न लागता प्रोग्रॅम चालला. तिलेक अगाय, म्हणजे आमचे साहेब, स्वतःच्या फोनवर पान उघडून बसले. नाव, जनावरं आणि कुरण असे तीन रकाने त्यांनी एका बोटाने टुकटुक करत भरले, बटण दाबलं आणि श्वास रोखून धरला. उत्तर आलं: चोवीस मे, सकाळी, लाकडी पूल. अगायांनी फोन उलटासुलटा करून पाहिला, जणू मागे मी लपलेय.

दोन वर्षं हा प्रोग्रॅम बिश्केकच्या संगणकात साठवून ठेवलाय. कोणत्या घराने कळप घेऊन कोणत्या दिवशी पूल ओलांडावा आणि बोझ-बेल खिंडीतून वरच्या कुरणावर जावं, हे तो गवत, बर्फ आणि गर्दी पाहून सांगतो. पण आजवर कोणी फोन केला की मी त्याचं नाव आणि आकडे प्रोग्रॅमच्या पोटात हाताने लिहायचे आणि उत्तर वाचून दाखवायचे. आता पान विचारतं, माणूस भरतो आणि भरलेलं तसंच्या तसं प्रोग्रॅमच्या पदरात पडतं. त्याला आम्ही पॅरामीटर म्हणतो. मग प्रोग्रॅम स्वतःच हवामानखात्याच्या सेवेला खिंड आणि तारीख कळवून बर्फाचं विचारून घेतो. हे सगळं आईला फोनवर अभिमानाने सांगितलं, तर ती म्हणाली, "मग आता तुला काय काम राहिलं?"

७ एप्रिल

काम राहिलंय. कुरण समितीचे अध्यक्ष ओमुरझाक आज कार्यालयात आले. वीस वर्षं हा माणूस चाबूक घेऊन पुलाच्या तोंडाशी उभा राहतो आणि कोण आधी, कोण नंतर ते ठरवतो. मागच्या वर्षी सगळे एकाच दिवशी आले, कठडा तुटला आणि कितीतरी कोकरं नदीत गेली. तरी गुर्मी कमी नाही. चहा न पिता त्यांनी माझ्याकडे पाहून तिलेक अगायांना सांगितलं, "एक हंगाम देतो. पुलावर गोंधळ झाला, तर यंत्र आणि ही शहरातली पोरगी, दोघं एकाच गाडीने परत."

मी समोर बसले होते. मला नाव आहे, चोल्पोन, आणि ते माझ्या टेबलावर लिहिलेलंही आहे.

परत जायचं नाही मला. बिश्केकमध्ये मी बँकेचे तक्ते काढत होते, जे कोणी वाचत नसे. इथे एक बरोबर उत्तर म्हणजे एक कळप सुखरूप.

१२ एप्रिल

कोक-झार गावात पान करून बघायला दिलं. जनावरं किती, या रकान्यात आकडा हवा. आलेली उत्तरं अशी: "देवाच्या दयेने आहेत", "दृष्ट नको लागायला", "तुझ्या आजोबांपेक्षा जास्त". प्रोग्रॅमने हे आकडे समजून बेरीज करायचा प्रयत्न केला आणि आडवा झाला.

कोणी आपली जनावरं मोजून सांगत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आता रकाना काढून टाकलाय. त्या जागी तीन बटणं दिलीत: लहान कळप, मधला, मोठा. सगळे "लहान" दाबतात. ते धरूनच हिशेब बसवला. मी काही कच्च्या गुरूची चेली नाही.

१५ एप्रिल

आमच्या आपांची, बुरुलचा त्यांचं नाव, काळजी वाटते. मी त्यांच्याकडेच राहते. विधवा आहेत, मुलं रशियात, घर नीटनेटकं आणि जीभ तिखट. आज चुलीपाशी उभ्या राहून फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "ते पुलावरचे थोरले येऊन गेले." पुलावरचे थोरले म्हणजे ओमुरझाक. ते आपांचे थोरले दीर! चाळीस वर्षांपूर्वी ज्या घरात सून होऊन आल्या, तिथल्या दिराचं नाव आठवेना.

मी सहज विचारलं, "आपा, तुमच्या यजमानांचं नाव काय होतं?" त्या म्हणाल्या, "माझ्या मुलांचे वडील." आणि ब्रेड कापू लागल्या. सासऱ्यांचं विचारलं तर खिडकीबाहेर बघत "उंच घोड्याचे बाबा" म्हणाल्या.

१७ एप्रिल

बाजारातून अक्रोड आणले. स्मरणशक्तीला चांगले असतात म्हणे. आपांपुढे वाडगा ठेवला आणि रोज मूठभर खायला सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि खाल्ले.

मग परीक्षा घेतली. वार बरोबर सांगितला, तारीख बरोबर. माहेरच्या सात पिढ्यांची नावं तर धडाधड म्हणून दाखवली, एकदाही अडखळल्या नाहीत. सासरचं मात्र एक नाव नाही. आईच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुनं आठवतं आणि नंतरचं पुसलं जातं, हीच खूण असते. अक्रोड चालूच ठेवायचे.

२६ एप्रिल

तिलेक अगायांशी वाद. नाव चुकलं किंवा नोंदवहीत सापडलं नाही तर पानावर "चूक" असं लाल अक्षरात यायचं. ते म्हणाले, मेंढपाळाला चुकलास म्हणून सांगायचं नाही. दारात आलेल्याला चहा मिळालाच पाहिजे, तसं बटण दाबणाऱ्याला उत्तर मिळालंच पाहिजे. मी म्हटलं, कळलंच नाही कोण आहे, तर उत्तर काय देऊ? ते म्हणाले, काहीतरी दे.

म्हणून आता नाव रिकामं असेल तर प्रोग्रॅम पहिला दिवस देतो, चोवीस मे. असे किती असणार, दोन-चार.

३० एप्रिल

पान सगळ्या खोऱ्याला खुलं झालं. भराभर भरून येतंय! सकाळपासून खुर्चीवरून उठले नाही, आपांनी डब्यात दिलेले बोरसोक, म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, गार झाले तरी तसेच.

फक्त लोकांना थट्टा फार सुचते. नावाच्या रकान्यात येतं "आमचे थोरले", "वरच्या घरचे", "मुलांचे आजोबा", "ज्यांची टोपी काळी ते". एकाने तर "तुला ठाऊक आहेत" असं लिहिलंय. नोंदवहीत घरं कर्त्या पुरुषाच्या नावाने आहेत, टोपीच्या रंगाने नाहीत. वैतागून एक चाळण लिहिली: नोंदवहीत नसलेलं जे काही येईल ते पुसून रकाना रिकामा करायचा. कचरा गेला, प्रोग्रॅम स्वच्छ. सुखाने झोपणार.

१० मे

सगळ्यांना फोनवर दिवस कळवले. एकही चूक आली नाही. एकही नाही! तिलेक अगायांनी केक मागवला. मी दोन तुकडे खाल्ले आणि एक आपांना नेला. त्यांनी विचारलं, उंच घोड्याच्या बाबांच्या घराला कोणता दिवस मिळाला? अजून सासऱ्यांच्याच नावावर घर आहे. मी म्हटलं, तुम्ही भरलंत ना, मग उत्तर आलं असेल. हो, म्हणाल्या, चोवीस. शेजारणीलाही चोवीस. तिच्या जावेलाही.

चांगलं आहे, सोबत होईल, मी म्हटलं.

१३ मे

सोबत होईल! अगं मूर्ख बाई.

ओमुरझाक घोड्यावरूनच खिडकीशी आले. उतरले नाहीत, ओरडले नाहीत. खिडकीतून वाकून म्हणाले, "अर्धं खोरं चोवीस तारखेला सामान बांधतंय. मागच्या वर्षी कठडा तुटला होता, या वर्षी तू पूलच तोडणार." पुढे म्हणाले, शुक्रवारी समितीची बैठक आहे, तोवर नीट झालं नाही तर पुन्हा मीच पुलावर उभा राहतो.

मी नोंदी उघडल्या. खरं होतं. निम्म्याहून जास्त घरांचं नाव रिकामं आणि रिकाम्याला चोवीस. चाळण माझी, चोवीसचा नियम माझा. प्रोग्रॅमने सांगितलं ते चोख केलं. तिलेक अगायांनी केकचा उरलेला डबा उचलून आत ठेवून दिला.

१४ मे

आज मी हसले, रडले आणि पुन्हा हसले. नीट लिहून ठेवते.

थट्टेखोरांना एकेक करून खडसावायचं ठरवलं. ज्या फोनवरून "ज्यांची टोपी काळी ते" आलं होतं तो लावला. वयस्क बाईचा आवाज आला. मी घुश्शात सुरू झाले, अहो, इथे कळपांचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही टोपीचे रंग लिहिता. त्या मुळीच रागावल्या नाहीत. अगदी हळू म्हणाल्या, "पोरी, केलिन आहे मी, या घरची सून. सासऱ्यांचं नाव कसं घेऊ?"

मी माफी मागून फोन ठेवला.

पुरुष जनावरांमागे रानात. फोन घरी, सुनेच्या हातात. पान भरणार सून, आणि पान तिला विचारतं सासऱ्याचं, दिराचं, नवऱ्याचं नाव, म्हणजे जे ती मेली तरी घेणार नाही तेच. शाळेत याचा धडा होता, मला वाटलं होतं आजीच्या काळाबरोबर गेलं. आमच्या बिश्केकच्या घरात आई बाबांना नावाने हाका मारते, त्याही सगळ्या जिन्याला ऐकू जातील अशा.

आणि मग आठवले अक्रोड.

धावत घरी गेले. आपा पीठ मळत होत्या. मी दारातूनच विचारलं, "आपा, तुम्हाला ओमुरझाकांचं नाव आठवतं?"

"का नाही आठवणार? चाळीस वर्षं न घेता सांभाळलंय."

"मग अक्रोड का खाल्लेत इतके दिवस?"

"चांगले होते," आपा म्हणाल्या. "आणि तू इतक्या प्रेमाने आणायचीस. मला वाटलं, तुलाच काहीतरी झालंय."

१५ मे

नावाऐवजी काय विचारायचं? पहाटेपासून तेच. घराचा क्रमांक कोणाला पाठ नाही. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचा आकडा सांगायला लावला, तर पुन्हा दृष्ट लागायची भीती. फोनचा क्रमांक दर महिन्याला बदलतो.

आपा फोनवर होत्या. बातमी तोवर खोऱ्यात पोचली होती आणि बायका आपांना फोन करून पोट धरून हसत होत्या. मी ऐकत बसले. पलीकडून कोणी नाव सांगितलं की आपा विचारायच्या, "कोणती उलजान? अक-कियाची की तोश-बुलाकची?" ती सांगायची आणि आपांना लगेच समजायचं कोणतं घर, कोणता कळप, सासू कशी. सासरी सगळ्या एकाच गावच्या. ओळखायच्या कशाने? माहेराने. सात पिढ्यांपर्यंतच्या नात्यात लग्न होत नाही, म्हणून प्रत्येकीचं माहेर लांबचं आणि वेगळं.

मी हातातला पेला खाली ठेवला. पान चुकीच्या माणसाचं नाव विचारत होतं. जी भरते तिलाच विचारा ना, बाई, तुमचं नाव काय, माहेर कुठलं!

तिलेक अगाय आधी म्हणाले, छे, नोंदवहीत बायकांची नावंच नाहीत. मग स्वतःच थांबले आणि टोपी काढून डोकं खाजवलं. मी विचारलं, मिळवली तर? ते म्हणाले, शुक्रवारच्या आत? मी म्हटलं, अगाय, आमच्या आपा आहेत.

१६ मे

बैठक शुक्रवारी, म्हणजे आजच. ओमुरझाकांना मी सरळ सांगितलं, चूक माझी होती, उपाय तयार आहे, चार दिवस द्या. ते म्हणाले, बायकांच्या नावाने कळप चालवायचे? सभेत हशा झाला. एका म्हाताऱ्याने त्यांनाच विचारलं, तुझ्या घरात आजवर कोणाच्या शब्दाने चालतात? हशा दुसऱ्या बाजूला फिरला. चार दिवस मिळाले.

१८ मे

आपा, शेजारीण आणि तिची जाऊ, तिघींनी स्वयंपाकघराचं कार्यालय केलंय. चहा उकळतोय, फोन तापलेत. खोऱ्यातल्या प्रत्येक घराची बाई कोण आणि कुठली, ते त्या विचारतात आणि मी जुन्या नोंदवहीतल्या घराशी जोडते. घराचं जुनं नाव सांगायची वेळ आली की त्या एकमेकींकडे फोन फिरवतात, कारण दुसरीच्या सासऱ्याचं नाव घ्यायला हरकत नसते. इतकी सोपी वाट मला सुचली नसती. बाई नसलेल्या घरांतले पुरुष पूर्वीसारखं स्वतःचं नाव लिहितील.

प्रोग्रॅममध्ये आता दोन नवे रकाने आहेत. चोवीसचा नियम खरवडून काढला. ओळख पटली नाही तर पान म्हणतं, "आपा, एकदा फोन करा," आणि खाली कार्यालयाचा क्रमांक. तिलेक अगायांना हे पटलं. चहा नाही तर निदान दार तरी उघडलं, म्हणाले.

१९ मे

पान पुन्हा खुलं केलं. नोंदींकडे बघत बसले. पहिल्या खेपेला लोक भराभर भरायचे. आता प्रत्येक बाई नावाच्या रकान्यापाशी थांबते. दोन शब्द लिहायला इतका वेळ! एकीने फोन करून विचारलं, खरंच माझं लिहू? सासूबाईंचं नको? मी म्हटलं, तुमचंच. ती म्हणाली, दवाखान्यात सोडून कोणी विचारलं नव्हतं. आणि मग उगाच माहेरच्या झऱ्याच्या पाण्याबद्दल सांगत राहिली. मला काम होतं, तरी ऐकलं.

संध्याकाळपर्यंत सगळं खोरं भरून आलं. दिवस वेगळे, घरं वेगळी, कुठे गर्दी नाही. तीनदा तपासलं. मग आपांना मिठी मारली. पिठाचे हात असल्यामुळे त्यांना मला ढकलता आलं नाही.

२४ मे

पहाटेपासून पुलावर. हातात टॅबलेट, अंगात आपांच्या मुलाचा जुना कोट. ओमुरझाक चाबूक घेऊन बाजूला उभे, आज नुसते बघायला.

पहिला कळप आला. पुढे घोड्यावर दाढीवाला गडी. मी विचारलं, कोणाच्या नावाने? तो म्हणाला, आमच्या. मी म्हटलं, घरच्या बाईचं नाव सांगा. तो म्हणाला, बायबिचे, म्हणजे घरची मालकीण. मी म्हटलं, ते सगळ्यांच्याच घरी असतं. तो मागे वळला. बायको गाडीवर चुलीशेजारी बसून शांतपणे बोरसोक खात होती. मदत करायचा तिचा काहीच विचार दिसला नाही. शेवटी त्याने खोकून घसा साफ केला. "झिपार," तो म्हणाला. "माहेर अक-किया." कानापर्यंत लाल झाला होता. मागच्या सगळ्या गाड्यांवरच्या बायका खिदळल्या.

मग प्रत्येकाचं तेच. कोणी कुजबुजून सांगतो, कोणी एका दमात उरकतो. एकाला माहेर आठवेना, तर बायकोने गाडी थांबवून खाली उतरून त्याला सांगितलं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

दुपारी खिंडीत ढग उतरले आणि बर्फ सुरू झालं. हवामानाच्या सेवेने प्रोग्रॅमला हे आधीच कळवलं होतं, म्हणून आजच्या दिवसाला मोजकेच कळप ठेवलेले. तोवर ते सगळे पलीकडे उतरले होते. पूल रिकामा, नदी फुगलेली, कठड्यावर पांढरं. मी ओमुरझाकांकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते. जुनाच हिशेब राहिला असता तर या वेळी अर्धं खोरं या फळ्यांवर असतं. त्यांनी चाबूक दुमडून बुटात खोवला आणि मला विचारलं, जेवलीस का?

२७ मे

आज उंच घोड्याच्या बाबांच्या घराचा दिवस. आपांच्या मेंढ्या दरवर्षी दिराच्या कळपाबरोबर वर जातात, आणि त्या घराचं पान आपांनीच भरलं होतं. म्हणजे आज ओमुरझाक चाबूकवाले नव्हते, रांगेतले होते.

ऊन स्वच्छ होतं. ते घोड्यावरून उतरले आणि माझ्यासमोर उभे राहिले. आपा मागे घोड्यावर, पांढरा रुमाल घट्ट बांधलेला, नजर दुसरीकडे. मी नेहमीसारखं विचारलं, "कोणाच्या नावाने?"

"आमच्या केलिनच्या," ते म्हणाले.

"खोऱ्यात सगळ्याच केलिन आहेत, ओमुरझाक अगाय."

सुनेचं नाव घ्यायला त्यांना कसलीही बंदी नाही. चाळीस वर्षांत कधी गरजच पडली नव्हती, इतकंच. त्यांनी टोपी काढली. मला वाटलं उकडतंय.

"बुरुलचा," ते म्हणाले. इतक्या मोठ्याने म्हणायची गरज नव्हती, मी हातभर अंतरावर होते. "बुरुलचा. माहेर तोश-बुलाक. तिथल्या झऱ्यावरून आम्ही तिला आणलं, तेव्हा बर्फ पडत होतं."

झऱ्याचं आणि बर्फाचं पानावर विचारलेलं नव्हतं. मी हिरवं बटण दाबलं आणि कळप पुलावर चढला. आपांचा घोडा माझ्यापाशी आला तेव्हा त्यांनी लगाम ओढला, रुमाल पुन्हा एकदा सोडून बांधला आणि डोळे पुसायला वाऱ्याचं निमित्त केलं.

"चोल्पोन," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, त्यांना माहीतच नसेल."

मग त्यांनी कोटाच्या खिशातून मूठभर अक्रोड काढून माझ्या हातात ठेवले आणि पूल ओलांडून गेल्या.